पॅकिंग मिळेल का, पॅकिंग?

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे रिटायर झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली, आणि मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं. हिशेब साधा. त्या आठवड्यात आपण सगळ्यांनी काय केलं? स्टेटसला फोटो टाकला, खाली एक तुटकं हार्ट चिकटवलं आणि पुढच्या मीटिंगला पळालो.

त्या गडबडीत एक गोष्ट कुणी फारशी बोललं नाही. टॅक्सी ही नुसती गाडी नव्हती, ती गिऱ्हाईक होती. दिवसभर पळणारी गाडी म्हणजे सतत काहीतरी बदलायला लागणारी गाडी. तिच्यासाठी पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, पॅकिंग असा सगळा माल दुकानदार भरून ठेवायचा. तुमच्या-माझ्या काकांच्या दारात उभी असलेली हौशी प्रीमियर त्याच मालावर जगत होती. आता टॅक्सीच नाही म्हटल्यावर दुकानदारानं तो माल कशासाठी ठेवायचा? हौशी गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं, एक पॅकिंग मागतं आणि त्यावरही घासाघीस करतं!

तर आजचा विषय तेच पॅकिंग. कॅटलॉगमध्ये गॅस्केट, गॅरेजच्या भाषेत पॅकिंग. त्यातही डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी बसतं ते. प्लीज, पान उलटू नका. हे वाचणाऱ्यांपैकी एखाद्याच्या तरी गावाकडे, शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी अँबॅसेडर किंवा फियाट उभी असणारच.

आमच्या ग्रुपमधल्या एकाची आहे. तो बाणेरला सॉफ्टवेअरमध्ये, गाडी वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावला, आजोबांच्या घरी. १९७८ ची मार्क थ्री अँबॅसेडर, पेट्रोल. रंग कधीकाळी पांढरा होता म्हणे. ‘वीकेंडला काय करतोस?’ म्हणून विचारलं की हा पठ्ठ्या सांगणार, ‘गाडी बघायला गावी जातोय.’ आम्हाला आधी वाटलं, घरच्यांनी मुली बघायला बोलावलंय आणि हा लपवतोय. पण खरंच गाडीच होती. आबांनी स्पष्ट सांगितलं होतं, ‘दिवाळीपर्यंत चालू केली तर तुही. नाही तर भंगारवाला तीनदा येऊन गेला, चौथ्यांदा मी नाही म्हणणार नाही.’

आणि गाडी चालू होत होती, हाच तर खरा त्रास. चालू व्हायची, दहा मिनिटं बरी पळायची, मग ठसकायला लागायची. खाली जमिनीवर तेलाचं थारोळं. इंजिनच्या उजव्या अंगाला डिस्ट्रिब्युटरपासून खाली काळा, चिकट ओघळ. साहेबांनी पुण्यात बसल्या बसल्या कॉइल मागवली, प्लग मागवले, वायर मागवल्या. सगळं बदललं. ठसका तसाच.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे काय, ते दोन मिनिटांत सांगते. पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला नेमक्या क्षणी ठिणगी लागते. कॉइल हजारो व्होल्टचा दाब तयार करते, पण तो कुठल्या सिलिंडरला कधी द्यायचा हे डिस्ट्रिब्युटर ठरवतो. अँबॅसेडर असो की पद्मिनी, क्रम १-३-४-२. वर काळी कॅप असते, आत रोटर गोल फिरतो आणि एकेका टोकाला वीज पोचवत जातो. त्याच्या खाली पॉइंट उघडमीट करतात. हे सगळं फिरतं कॅमशाफ्टच्या जोरावर, म्हणून क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगानं.

आता गंमत बघा. या एकाच वस्तूचं खालचं टोक इंजिनच्या पोटात, गरम तेलात असतं, आणि वरचं टोक विजेचं, जिथे तेलाचा थेंबसुद्धा चालत नाही. मधल्या सांध्यातून तेल बाहेर येऊ नये म्हणून पॅकिंग. मॉडेलप्रमाणे ते कागदी असेल, कॉर्कचं असेल किंवा रबरी ओ-रिंग असेल. प्रत्येक टीममध्ये एक शांत मेंबर असतो ना, आहे तोवर कुणाच्या खिजगणतीत नाही आणि रजेवर गेला की प्रोजेक्ट बोंबलतं? तोच हा.

मीही एकदा त्याच्याबरोबर आसेगावला गेले होते. समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातूनच जातो, त्यामुळे हल्ली पुण्यामुंबईकडच्या माणसाला वऱ्हाड लांब वाटत नाही. (तरी जुन्या टायरांवरची अँबॅसेडर त्या रस्त्यावर घालायचा विचार मनातून काढून टाका. तापलेलं काँक्रीट, सरळसोट लांबलचक रस्ता आणि आजूबाजूला ताशी १२० नं जाणाऱ्या गाड्या. तिचं ते काम नाही.) गावात ट्रॅक्टर आणि थ्रेशर दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. वय साठीच्या पुढे, बोलणं कमी. सोयाबीनच्या हंगामात त्यांना गाठणं म्हणजे लग्नसराईत भटजीला गाठणं. डिझेलला डिस्ट्रिब्युटर नसतोच, त्यामुळे आताच्या ट्रॅक्टरवर हात बसलेल्या पोरांना ही वस्तू माहीतच नाही. मिस्त्री मात्र जुन्या पेट्रोल जिपांच्या काळातले. मित्रानं नवीन पॅकिंग कुठे मिळेल म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, ‘पॅकिंग काहून बदलता? पयले तिचा श्वास पाय ना भाऊ.’

श्वास म्हणजे ब्रीदर. इंजिन जुनं झालं की पिस्टनच्या रिंगांमधून थोडा दाब खाली पोटात उतरतो. तो बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. ती काजळीनं चोंदली की आतला दाब वाट शोधतो आणि जिथे पॅकिंग कमजोर, तिथून तेल ढकलतो. अशा गाडीला तुम्ही सोन्याचं पॅकिंग लावा, महिन्याभरात परत ओघळ. मित्राच्या गाडीची नळी काढली तर आत गांधीलमाशीनं घर केलं होतं. मातीचं, छान लिंपलेलं.

दुसरी तपासणी त्यांनी अर्ध्या मिनिटात केली. कॅप काढली, रोटरचा शाफ्ट दोन बोटांत धरला आणि आडवा हलवून पाहिला. हलत होता. म्हणजे आतला बुश झिजलेला. इथे नीट लक्ष द्या, कारण भल्याभल्यांचा इथेच गोंधळ होतो. तेल दोन वाटांनी येतं. बुडाच्या सांध्यातून बाहेर येतं ते पॅकिंगमुळे आणि त्यानं फक्त इंजिन घाण होतं. शाफ्टच्या कडेनं वर चढतं ते झिजलेल्या बुशमुळे आणि ते थेट पॉइंटवर बसतं. ठसका त्या दुसऱ्या तेलाचा. शिवाय शाफ्ट डुलत असला की पॉइंटमधली फट प्रत्येक फेरीला वेगळी, मग ठिणगीची वेळ कशी जुळणार? बाहेरचा ओघळ पाहून माणूस पॅकिंग बदलतो, गाडी तरी ठसकते, मग तो कार्ब्युरेटर उघडतो, आणि तिथून पुढे गाडी भंगारवाल्याच्या वाटेला लागते.

म्हणजे पॅकिंग बदलायचंच, पण एकटं नाही.

आता खरेदी. आधी एक प्रश्न स्वतःला विचारा : माझ्या गाडीत इंजिन कुठलं आहे? ‘अँबॅसेडरचं द्या’ म्हणून भागत नाही. अँबॅसेडर मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून आली आणि २०१४ च्या मे महिन्यात कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा कारखान्यातलं तिचं उत्पादन थांबलं. मधल्या काळात तिचं तोंड फारसं बदललं नाही, पण पोटात बरंच काही बदललं. आपली जुनी ओळखीची ती १४८९ सीसीची पेट्रोल. पुढे डिझेल आली, १९९० च्या दशकात इसुझूचं १८०० सीसीचं पेट्रोल इंजिन आलं. त्यात बऱ्याच जुन्या पेट्रोल गाड्यांमध्ये मालकांनी नंतर डिझेल इंजिन बसवून घेतलं. तेव्हा बॉनेट उघडून पाहिल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

१४८९ सीसीवाल्यांसाठी एक आनंदाची बातमी आहे, आणि ती चक्क इंग्लंडमध्ये आहे. हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं. त्याच घराण्यातलं १७९८ सीसीचं मोठं भावंडं एमजीबी या टू-सीटर स्पोर्ट्स कारमध्ये होतं. ती १९६२ ते १९८० या काळात बनली आणि पाच लाखांच्या वर खपली. तिच्यावर जीव टाकणारे म्हातारे-तरुण तिकडे अजून भरपूर आहेत, त्यामुळे ल्युकासच्या २५-डी डिस्ट्रिब्युटरचे सुटे भाग आजही नवे बनतात. आपल्याकडे तोच वारसा चेन्नईच्या ल्युकास-टीव्हीएसनं चालवला. ती कंपनी १९६१ सालची. म्हणजे वऱ्हाडातली धुळीनं माखलेली अँबी आणि लंडनमधली पॉलिश केलेली एमजीबी, दोघी चुलत बहिणी. मात्र मागवण्यापूर्वी मापं ताडून पाहा आणि कुरियरचा खर्चही पाहा. वस्तू नखाएवढी आणि पोस्टेज जेवणाच्या बिलाएवढं, असं सर्रास होतं. दोघा-तिघांनी मिळून ऑर्डर द्या.

फियाटवाल्यांचं नशीब वेगळं. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. फियाट ११००, मग डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग १९७४ पासून पद्मिनी, इंजिन १०८९ सीसीचं. कारखाना कुर्ल्याला होता आणि योगायोग म्हणा, जुन्या पार्टसाठी आजही पहिली चक्कर कुर्ल्याच्या सीएसटी रोडलाच मारावी. नवा-जुना माल पाहायला ऑपेरा हाउसकडची दुकानं, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार. महाराष्ट्राबाहेर दिल्लीचं काश्मिरी गेट, चेन्नईचं पुदुपेट. जाताना फोटो नेऊ नका. जुनं पॅकिंग नेा, फाटलेलं असलं तरी, झिपलॉकच्या पिशवीत घालून. काउंटरवरचा माणूस तुमच्या मोबाइलकडे बघत नाही, तुकडा बोटांनी दाबून बघतो.

आणि पिवळ्या पडलेल्या पाकिटातलं ‘ओरिजिनल’ पॅकिंग मिळालं म्हणून लगेच नाचू नका. कागद आणि कॉर्क वर्षानुवर्षं पडून राहिले की वाळतात, आक्रसतात. भोकं बोल्टाला जुळत नाहीत आणि ओढून बसवायला गेलं की पापडासारखं तुटतं. थोडा वेळ ओलसर फडक्यात ठेवून बघा, बऱ्याचदा पुन्हा मापाला येतं. नाहीच आलं तर नमुना म्हणून वापरा. नमुना म्हणून सुद्धा ते लाखमोलाचं आहे, कारण आता येतोय खरा फंडा : पॅकिंग विकत घ्यावंच लागत नाही.

आसेगावच्या मिस्त्रींनी ते आमच्यासमोर कापलं. गॅस्केट पेपरची शीट तालुक्याच्या कुठल्याही ट्रॅक्टर पार्टच्या दुकानात मिळते, कारण पंपाला आणि ट्रॅक्टरला तोच कागद लागतो. फक्त जाडी बघून घ्यायची. जुन्या पॅकिंगचा न दबलेला कोपरा व्हर्नियरमध्ये धरा, तेवढीच किंवा त्याच्या जवळची जाडी घ्या. जाड कागद घातला की जास्त चांगला बसेल, हा गैरसमज. डिस्ट्रिब्युटर वर उचलला जातो आणि खालची जुळणी नीट पकडत नाही.

मग कागद त्या जागेवर ठेवायचा आणि हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं हलके ठोकत जायचं. टक, टक, टक. धातूची धार खालून कागद कापत जाते. जोर लावलात तर धातूला पोचे पडतात, म्हणून मनगट सैल हवं. अ‍ॅल्युमिनियमच्या भागावर तर हे करूच नका, तिथे कडेला ग्रीस लावून ठसा घ्या आणि कात्रीनं कापा. बोल्टाच्या भोकासाठी मिस्त्रींनी डब्यातून बेअरिंगची एक सुटी गोळी काढली, भोकावर ठेवली, वरून एक टोला. गोल, स्वच्छ भोक! मित्रानं तीन वेळा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी जे बनलं ते शंकरपाळ्यासारखं दिसत होतं.

ओ-रिंग असेल तर बेअरिंग किंवा हायड्रॉलिकच्या दुकानात मापानं मिळते. आतला व्यास आणि दोऱ्याची जाडी, ही दोन मापं सांगा आणि नायट्राईल रबर मागा. ते तेलाला टिकतं. जास्त उष्णता सोसायला विटॉन, पण ते महाग. नळाला लावायची साधी रबरी रिंग आणू नका, तेलात ती फुगते. आणि हो, ‘इथेनॉलच्या पेट्रोलनं पॅकिंग गेलं’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. वीस टक्के इथेनॉलचा त्रास जुन्या गाडीच्या पेट्रोल पाइपला आणि कार्ब्युरेटरच्या रबराला होऊ शकतो, पण या पॅकिंगचा संबंध इंजिन ऑईलशी आहे, पेट्रोलशी नाही.

बसवताना घाई करायची नाही. आधी बॅटरीची वायर काढा. प्लग काढले की इंजिन हाताच्या हँडलनं सहज फिरतं (अँबीला ते हँडल असतं, डिकीत शोधा). रेडिएटरकडचा सिलिंडर म्हणजे एक नंबर. रोटर एक नंबरच्या वायरीकडे आणि पुलीवरची खूण काट्यासमोर येईपर्यंत फिरवा. मग खडूनं किंवा नेलपॉलिशनं डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर आणि ब्लॉकवर एक सरळ रेघ. मोबाइलवर फोटो काढा, पण रेघही मारा.

यानंतरची युक्ती या लेखाचा पूर्ण पैसा वसूल करणारी आहे. बी-सिरीज इंजिनात डिस्ट्रिब्युटर एका पट्टीत आवळलेला असतो. तो आवळणारा बोल्ट सैल करू नका. ती पट्टी ब्लॉकला धरून ठेवणारे दोन छोटे बोल्ट काढा आणि पट्टीसकट डिस्ट्रिब्युटर वर उचला. टायमिंग जागच्या जागी राहतं. खालच्या टोकाची जीभ मधोमध नसते, एका बाजूला किंचित सरकलेली असते, म्हणून परत बसवताना ती एकाच पद्धतीनं खाचेत जाते. रोटर हळू फिरवत राहा, ‘टक्’ करून बसतो. ज्या इंजिनांत गिअर डिस्ट्रिब्युटरच्याच शाफ्टवर असतो, तिथे मात्र बाहेर काढताना रोटर थोडा फिरतो. तिथे दोन खुणा करा, काढण्यापूर्वीची आणि निघाल्यानंतरची. बसवताना दुसऱ्या खुणेपासून सुरुवात केली की तो फिरत फिरत पहिल्या खुणेवर येतो.

उघड्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा आणि मगच जुनं पॅकिंग खरवडा. नाहीतर कपचे आत पडतात. नवा कागद इंजिन ऑईलमध्ये बुडवून, निथळून लावा.

सिलिकॉनबद्दल मला थोडं भांडायचंय. हल्ली ट्यूबमधलं सिलिकॉन म्हणजे गॅरेजचा टोमॅटो केचअप झालाय, सगळ्यावर पिळायचा. जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही पिळलं जातं. ते वाळतं, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑईल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. जाळी चोंदली की तेलाचा दाब गेला, आणि दाब गेला की इंजिन गेलं. कागदाचा एक तुकडा वाचवायला इंजिन बांधायचा खर्च! सपाट, स्वच्छ जागेवर तेल लावलेला कागद पुरतो. बोल्टही बेतानं आवळा, पट्टी वाकली की तिथूनच गळती सुरू.

शेवटी पॉइंटची फट. ल्युकासला पंधरा थाऊ, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फीलर गेज पानटपरीवर मिळत नाही, पण फार महागही नाही. टायमिंग पाहायला बारा व्होल्टचा साधा बल्ब पुरतो : एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या छोट्या वायरीच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला, चावी ऑन. इंजिन हँडलनं हळू फिरवा. ज्या क्षणी पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब लागतो.

कागदपत्रांचं विसरू नका. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. नवी नोंदणी वीस हजार रुपये, पुनर्नोंदणी पाच हजार, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मग ती रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला नेता येते, रोज ऑफिसला नाही. मित्राची गाडी १९७८ ची, म्हणजे २०२८ पर्यंत थांबणं आलं. तोवर नेहमीचं नूतनीकरण. २०२५ च्या ऑगस्टमधल्या बदलानंतर वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याची फी दहा हजार आहे. ही रक्कम कळल्यावर आबा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला.

कापलेलं पॅकिंग लागलं, ब्रीदरमधलं घर निघालं. बाहेरचा ओघळ थांबला. राहिला बुश. तो वाशीमला एका लेथवाल्यानं करून दिला. बुश सच्छिद्र ब्राँझचा असतो आणि बसवण्याआधी चोवीस तास इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेवावा लागतो, म्हणजे तो तेल पिऊन घेतो. मित्रानं तो बुडवला घरातल्या सगळ्यात चकचकीत स्टीलच्या वाटीत आणि ठेवला कुठे, तर फडताळात, लोणच्याच्या बरणीशेजारी. दिवाळीला अजून अकरा दिवस होते. आजींना वाटी सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. संध्याकाळी आबांनी हॉर्न वाजवला, तेव्हा मात्र पदर खोचून सगळ्यात आधी मागच्या सीटवर जाऊन बसल्या.